लायब्ररीच्या कार्डावर ई-पुस्तकं आणि सिनेमे, आणि त्यात मराठी कुठे आहे

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की ऑडिओबुकचं कुठलं सबस्क्रिप्शन चांगलं, किंडल अनलिमिटेड घ्यावं का, जुने चांगले सिनेमे कुठल्या ॲपवर सापडतील, आणि खाली ढीगभर उत्तरं येतात पण लायब्ररीचं नाव त्यात क्वचितच असतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण यातलं बरंचसं आपल्या गावच्या पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर मिळतं, घरबसल्या, फोनवर, आणि त्याचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. दर वेळी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यात लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक देता येईल.

मी सिएटलच्या पूर्वेला, तळ्याच्या या बाजूला राहते, त्यामुळे आमची लायब्ररी म्हणजे किंग काउंटी लायब्ररी सिस्टिम, पन्नासेक शाखांची. सिएटल शहराची लायब्ररी वेगळी आहे पण दोन्हींचा आपसात करार आहे म्हणून इकडच्या माणसाला तिकडचंही कार्ड मिळतं, आणि दोन्ही कार्डं एकाच ॲपमध्ये टाकता येतात. असं बऱ्याच ठिकाणी असतं आणि लोकांना माहीतच नसतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना राज्यातल्या पुष्कळ लायब्रऱ्या कार्ड देतात, मग तुम्ही त्या शहरातले नसलात तरी. न्यूयॉर्क राज्यात कुठेही राहत असाल तर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं कार्ड मिळतं, म्हणजे बफेलोतल्या माणसालाही. पत्त्याचा पुरावा आणि एक आयडी एवढंच लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरला की डिजिटल वापरापुरता नंबर तिथल्या तिथे मिळतो.

आणि हो, आपण सगळे याला फुकट म्हणतो पण फुकट नाहीये ते. आमच्या काउंटीच्या लायब्ररीचा बहुतेक खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. घर स्वतःचं असेल तर तुम्ही तो थेट भरता, भाड्याने राहत असाल तर घरमालक भाड्यात धरतोच. मग भरलेल्या पैशाचं वापरायला नको का?

आता ॲपकडे येते. पुस्तकांसाठी मुख्य ॲप म्हणजे लिबी. ते ओव्हरड्राइव्ह नावाच्या ओहायोतल्या कंपनीचं, कंपनी १९८६ पासूनची, लिबी २०१७ मध्ये आलं. कार्डाचा नंबर आणि पिन टाकला की तुमच्या लायब्ररीचं डिजिटल कपाट उघडतं, पुस्तक साधारण दोन किंवा तीन आठवड्यांसाठी मिळतं, मुदत संपली की आपोआप परत जातं, दंड वगैरे भानगडच नाही. अमेरिकेत असाल तर तेच पुस्तक किंडलवर पाठवता येतं. ही सोय २०११ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा ज्या लायब्रऱ्यांमध्ये ती आधी करून बघितली त्या सिएटल आणि किंग काउंटीच होत्या, मला याचा उगाचच अभिमान आहे. अमेरिकेबाहेरच्या लायब्रऱ्यांना मात्र ही किंडलची सोय नाही, त्यामुळे टोरोंटोवाल्यांनी सरळ लिबीमध्येच वाचावं किंवा कोबोचं रीडर घ्यावं, त्यातही लायब्ररीची पुस्तकं नीट येतात.

ऑडिओबुकं तर माझ्यासाठी जीव की प्राण आहेत. पूल ओलांडून ऑफिसला जायचं, पावसाळी अंधार, पुढे ब्रेकलाइटची रांग, अशात एखादा चांगला वाचणारा आवाज सोबत असला की तासभर कसा गेला कळत नाही. वेग कमी-जास्त करता येतो, झोपताना टायमर लावता येतो. मासिकंही आहेत, आणि मासिकांना रांग नसते, हे लक्षात ठेवा कारण पुढे मी परत यावर येणार आहे.

रांग म्हणजे होल्ड. नवीन गाजलेलं पुस्तक शोधलं की लिबी सांगतं, इतक्या प्रती आहेत, इतके लोक थांबलेत, अंदाजे इतके आठवडे लागतील. तो आकडा बघून लोक घाबरून ॲप बंदच करतात. तसं करू नका, होल्ड लावून विसरून जा. तुमचा नंबर आला आणि तेव्हा वाचायला वेळ नसेल तर पुस्तक नाकारायचं नाही, "डिलिव्हर लेटर" करायचं, म्हणजे ते मागच्या माणसाकडे जातं आणि तुमची जागा पुढेच राहते. वाचून झालं तर मुदतीची वाट न बघता लगेच परत करा, मागे कोणीतरी खरोखर थांबलेलं असतं. काही प्रती बिनरांगेच्या ठेवलेल्या असतात, सात दिवसांच्या, नशिबाने दिसल्या तर लगेच उचलायच्या.

माझे सासरे सहा महिने आमच्याकडे राहून गेले. साताऱ्यात बँकेत आयुष्य गेलं, वाचन दांडगं, इंग्रजी इतिहासाची जाड जाड पुस्तकं आणि रहस्यकथा दोन्ही तेवढ्याच आवडीने. डोळ्यांचा त्रास वाढल्यापासून छापील पुस्तक हातात धरवत नव्हतं, भिंग घेऊन वाचायचे आणि दोन पानांत दमायचे. त्यांना टॅबवर लिबी लावून दिलं, अक्षर दोन बोटं रुंद केलं, कागदाचा रंग पिवळसर केला, आणि ते त्या दिवशी जेवायला उठेनात. दोन दिवसांनी मला विचारतात, "अगं, हे परत कुठे नेऊन द्यायचं?" म्हटलं बाबा, कुठेच नाही, आपलं आपण जातं. मग ते रोज सकाळी काठी घेऊन लायब्ररीच्या शाखेत नुसते बसायला जाऊ लागले आणि तिथल्या बाईंशी गप्पा मारून यायचे.

पण एक दिवस त्यांना हवं असलेलं पुस्तक रांगेत अडकलं तेव्हा त्यांनी अगदी सरळ प्रश्न विचारला. "कॉम्प्युटरमधल्या पुस्तकाच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात ना, मग रांग कशाला?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि बहुतेकांना वाटतं लायब्ररीचं कामच ढिलं आहे. तसं नाहीये. जरा सविस्तर सांगते कारण हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

कागदी पुस्तक लायब्ररीने एकदा विकत घेतलं की ते तिचं. फाटेपर्यंत कितीही लोकांना द्या, नंतर सेलमध्ये एक डॉलरला विका, प्रकाशक काही म्हणू शकत नाही. अमेरिकेत याचा पाया १९०८ च्या एका खटल्यात आहे. एका प्रकाशकाने पुस्तकात छापलं होतं की हे एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकायचं नाही, आणि न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं की एकदा विकल्यावर पुढच्या विक्रीवर तुमचा हक्क चालत नाही. पुढे हे कायद्यातच आलं आणि लायब्रऱ्या आजही त्याच जोरावर उभ्या आहेत.

ई-बुकला हे लागू होत नाही. कारण ई-बुक लायब्ररीला कोणी विकतच नाही, लायसन्स देतात. म्हणजे आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराच्या घरासारखं, राहा, वापरा, पण मुदत संपली की एकतर परत पैसे भरून करार करा नाहीतर निघा. आणि एका लायसन्सवर एका वेळी एकच वाचक. म्हणून रांग. कॉम्प्युटरला प्रती काढायला काहीच त्रास नाही, करार काढू देत नाही.

आता हे करार कसे बदलत गेले ते बघा. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने ठरवलं की एक ई-बुक २६ वेळा दिलं की लायसन्स संपलं, पुन्हा विकत घ्या. त्या वेळी लायब्रऱ्यांमध्ये फार संताप झाला होता. त्या मानाने पेंग्विन रँडम हाउसची ई-बुकं कायमची मिळायची, महाग होती पण कायमची. २०१८ च्या ऑक्टोबरपासून त्यांनीही दोन वर्षांची मुदत घातली, किंमत जरा उतरवून जास्तीत जास्त ५५ डॉलर केली. २०१९ च्या जुलैमध्ये हॅशेट त्याच वाटेने गेलं. जे ई-बुक तुम्ही-आम्ही पंधरा डॉलरच्या आसपास कायमचं घेतो, तेच लायब्ररी ५५-६० डॉलर देऊन दोन वर्षं घेते, आणि लोकांनी शंभर होल्ड लावले तर एका प्रतीने भागत नाही, वीस प्रती घ्याव्या लागतात. दोन वर्षांनी त्या वीसही गायब. पुढच्या वर्षी कोणी ते पुस्तक मागितलं तर पुन्हा खर्च, नाहीतर कपाटातून नाव गेलं.

सगळ्यात कडेलोट मॅकमिलन या प्रकाशकाने केला. १ नोव्हेंबर २०१९ पासून त्यांनी नियम काढला की नवीन पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे लायब्ररीला ई-बुकची फक्त एक प्रत मिळणार, मग ती लायब्ररी दोन हजार लोकांच्या गावाची असो की लाखो लोकांच्या काउंटीची. लाखो लोक आणि एक प्रत! तेव्हा आमच्या किंग काउंटी लायब्ररीने जाहीर सांगितलं की आम्ही मॅकमिलनची नवीन ई-बुकं घेणारच नाही. देशभरातून मग बऱ्याच लायब्रऱ्या त्यात आल्या, लोकांनी लाखाच्या वर सह्या केल्या. शेवटी मार्च २०२० मध्ये, लायब्रऱ्यांना कोविडमुळे कुलूप लागत होतं त्याच आठवड्यात, मॅकमिलनने तो नियम मागे घेतला. सार्वजनिक पैशाने चालणारी संस्था वाचकांच्या वतीने एवढ्या मोठ्या कंपनीला नाही म्हणते, हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

तो नियम तसाच राहिला असता तर त्या वर्षी काय झालं असतं याचा विचार करा. शाखा बंद, मुलं घरात, म्हातारी माणसं घरात. ओव्हरड्राइव्हवरून जगभरात २०२० मध्ये ४३ कोटी वेळा पुस्तकं घेतली गेली, आदल्या वर्षापेक्षा एक तृतीयांश जास्त. २०२४ मध्ये तो आकडा ७३.९ कोटींवर गेला. मागणी अशी वाढतेय आणि लायब्ररीचं उत्पन्न मात्र तसं वाढत नाही, आमच्या वॉशिंग्टन राज्यात तर प्रॉपर्टी टॅक्सची वाढ वर्षाला १ टक्क्यावर बांधलेली आहे, त्यापेक्षा जास्त हवी तर मतदारांकडे जावं लागतं. त्यामुळेच २०२४ च्या सुरुवातीला सिएटलच्या लायब्ररीने डिजिटल होल्डची मर्यादा २५ वरून १० वर आणली. लोक चिडले, पण सगळा प्रकार कळल्यावर मला त्यात लायब्ररीचा दोष दिसत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, ई-बुकं, कॅटलॉग, वायफाय सगळं बंद पडलं, तरी शाखा उघड्या ठेवून कागदावर नोंदी करून पुस्तकं देत होते.

अजून एक गोष्ट सांगते जी मला खटकते. ओव्हरड्राइव्ह २०२० पासून केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे आहे. त्याच केकेआरने २०२३ मध्ये सायमन अँड शुस्टर ही प्रकाशन कंपनी १.६२ अब्ज डॉलरला घेतली. म्हणजे लायब्ररीला ई-बुकं पुरवणारी सगळ्यात मोठी कंपनी आणि एक मोठा प्रकाशक, दोन्हींचा मालक एकच. यातून काही वाईट झालंय असं मी म्हणत नाही पण लायब्ररीच्या बाजूने बोलणारं त्या टेबलावर कोण आहे हा प्रश्न मला पडतो.

लायब्ररीच्या कार्डावर चालणारं दुसरं ॲप म्हणजे हूपला, त्याचं गणित वेगळं आहे. हेही ओहायोचंच, मिडवेस्ट टेप कंपनीचं, २०१३ पासूनचं. इथे रांगच नाही, जे दिसतं ते लगेच मिळतं, ई-बुक, ऑडिओबुक, कॉमिक्स, गाणी, सिनेमे. पण तुम्ही प्रत्येक वेळी काही घेतलं की लायब्ररीला त्याचे पैसे लागतात, म्हणून महिन्याला ठरावीक इतक्याच गोष्टी घेता येतात आणि काही ठिकाणी रोजचं बजेट संपलं की उद्या या असं येतं. लोक यावर वैतागतात, मला हे बरं वाटतं, निदान कुठे काय खर्च होतोय ते समजतं. मार्च २०२५ मध्ये लायब्रऱ्यांना मदत करणाऱ्या आयएमएलएस या केंद्रीय संस्थेवर सरकारने कुऱ्हाड चालवली तेव्हा मिसिसिपी राज्यात पहिला फटका हूपलालाच बसला, तिथल्या राज्य लायब्ररी कमिशनने ते थांबवलं. गावात जवळपास पुस्तकाचं दुकान नाही, शाखा लांब, अशा माणसासाठी फोनवरचं ते एक ॲपच लायब्ररी होतं.

सिनेमांसाठी कॅनोपी. हे मूळचं ऑस्ट्रेलियातलं, २००८ चं, कॉलेजांसाठी सुरू झालेलं, नंतर पब्लिक लायब्रऱ्यांमध्ये आलं आणि २०२१ मध्ये ओव्हरड्राइव्हने घेतलं. जगभरचे जुने क्लासिक, डॉक्युमेंटरी, छोटे स्वतंत्र सिनेमे, युरोप-जपान-इराणचं पुष्कळ, आणि ग्रेट कोर्सेसची लेक्चर्स. जाहिरात नाही, मधेच कोणी काही विकत नाही. महिन्याला ठरावीक तिकिटं मिळतात, एका सिनेमाला काही तिकिटं लागतात, मुलांचा विभाग वेगळा आहे. आमच्याकडे शुक्रवारी रात्री आधी कॅनोपी उघडतं आणि मुलीला मी एक सिनेमा असा दाखवते जो तिने आपणहून कधीच लावला नसता, पहिली दहा मिनिटं कुरकुर असते आणि मग फोन बाजूला पडतो.

पण कॅनोपीचंही तेच, कोणीतरी पैसे भरतंय. २०१९ च्या १ जुलैपासून न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही लायब्ररी सिस्टिम्सनी, म्हणजे न्यूयॉर्क पब्लिक, ब्रुकलिन आणि क्वीन्स, कॅनोपी बंद केलं कारण प्रत्येक वेळी बघण्याचा खर्च झेपेना, तोच पैसा पुस्तकांवर घालू म्हणाल्या. मला ते वाचून वाईट वाटलं होतं पण निर्णय समजण्यासारखा आहे. त्यामुळे माझं सांगणं एवढंच की तिकिटं आहेत म्हणून उगाच लावून स्वयंपाक करत बसू नका, जे खरंच बघायचंय ते लावा.

मुलांवरून आठवलं, ज्यांची मुलं शाळेत आहेत आणि जिथे शाळांच्या लायब्रऱ्यांतून पुस्तकं काढून टाकली जातायत अशा राज्यांत जे राहतात त्यांच्यासाठी. ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने २०२२ मध्ये "बुक्स अनबॅन्ड" सुरू केलं, १३ ते २१ वयाच्या कोणालाही, अमेरिकेत कुठेही राहत असो, मोफत ई-कार्ड. पुढच्या वर्षी सिएटलही त्यात आलं. टेक्सास-फ्लोरिडातल्या मैत्रिणींना मी हे आवर्जून पाठवते.

आता मराठी. इथपर्यंत येण्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं होतं.

ज्या गावात मराठी माणसं जास्त आहेत तिथल्या काही लायब्रऱ्यांमध्ये छापील मराठी पुस्तकांचं एखादं शेल्फ असतं. लिबीत भाषेचा फिल्टर लावून मराठी शोधा, तुमच्या लायब्ररीवर अवलंबून आहे पण बहुतेक ठिकाणी हाती जवळजवळ काही लागत नाही. स्पॅनिश, चिनी, कोरियन, रशियन भरपूर असतं. सासऱ्यांनी हे बघून फार काही बोललं नाही, फक्त "आपलं नाही का यात?" एवढं विचारलं आणि मला उत्तर देता येईना. आपल्याकडे ही परंपरा काय कमी आहे का? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. लोकांनी वर्गण्या काढून, पदरमोड करून उभी केलेली ही वाचनालयं. १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि आज राज्यभरात हजारो वाचनालयं अनुदानावर, कशीबशी का होईना, चालतायत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या "ग्रंथ तुमच्या दारी" उपक्रमाच्या पेट्या तर दुबईपर्यंत पोचल्या. जी माणसं पुस्तकांच्या पेट्या समुद्रापार पाठवतात त्यांची पुस्तकं एका क्लिकवर का नाहीत?

मी आमच्या शाखेतल्या लायब्रेरियनला हे विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही पुरवठादाराच्या कॅटलॉगमध्ये असेल तेच घेऊ शकतो, आणि तिथे मराठी जवळपास नाहीच, कारण प्रकाशकांनी घातलेलं नाही. घालायचं काम प्रकाशकाचं, किंमत तो ठरवतो, कुठल्या देशात द्यायचं तो ठरवतो, एका वेळी एक वाचक की दर वापरामागे पैसे हेही तो ठरवतो. वर मी मोठ्या अमेरिकन प्रकाशकांच्या अटींवर एवढी चिडले, पण मराठी प्रकाशकाने रास्त अटीवर पुस्तक ठेवलं तर लायब्ररीही खूश, वाचकही खूश आणि लेखकालाही डॉलरमध्ये काहीतरी मिळेल. आत्ता परदेशातल्या विक्रीतून त्याला मिळतंच किती!

प्रकाशकांची भीती मला कळते. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतात, नुकतं आलेलं पुस्तकही महिन्याभरात कोणीतरी स्कॅन करून टाकतं, आणि आपल्यातलेच सुशिक्षित लोक ते "वाचनसंस्कृतीसाठी" म्हणून पुढे ढकलतात. ही सरळ चोरी आहे, लेखकाच्या पोटावर पाय आहे. पण लिबीतलं पुस्तक तसं नसतं, ते कुलूपबंद असतं, मुदत संपली की उघडत नाही, पुढे पाठवता येत नाही. चोरीच्या पीडीएफला खरा पर्याय हाच आहे की तेच पुस्तक सहज आणि रीतसर मिळावं.

जुन्या पुस्तकांचा प्रश्न सोपा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे साने गुरुजींचं लेखन २०११ पासून तिथे सगळ्यांसाठी मोकळं आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी पुस्तकं स्कॅन करून वेबसाइटवर ठेवलीत, ती जरूर बघा. इंटरनेट अर्काइव्हवरही जुनं मराठी पुष्कळ आहे. तिथे हक्कातली इंग्रजी पुस्तकंही स्कॅन करून उसनी द्यायचे, त्यावर चार प्रकाशकांनी २०२० मध्ये खटला भरला, २०२३ मध्ये अर्काइव्ह हरलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपीलही हरलं, पाच लाखांच्या वर पुस्तकं काढावी लागली. मुद्दा असा की हक्कातल्या पुस्तकांसाठी मागच्या दाराने काही होणार नाही, प्रकाशकच हवेत.

मला वाटतं सुरुवात दिवाळी अंकांपासून करावी. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या "मनोरंजन"ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दर वर्षी शेकडो अंक निघतात, आणि इथे ते मागवायचे तर अंकापेक्षा पोस्टेज महाग पडतं, पोचेपर्यंत नाताळ येतो. लिबीत मासिकांना रांग नसते हे वर म्हटलंच. लायब्ररीने एकदा घेतलं की एकाच वेळी कितीही जण वाचू शकतात. सिएटल, एडिसन, फ्रीमाँट, टोरोंटो, एवढ्या गावांतल्या लायब्रऱ्यांनी चार-पाच चांगले दिवाळी अंक घेतले तरी हजारो घरांत पोचतील, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी!

म्हणून आमच्या मंडळातल्या काही जणींनी मिळून काम सुरू केलंय. दोन बाजूंनी. एक, आपापल्या लायब्ररीकडे मागणी नोंदवायची. वेबसाइटवर पुस्तक सुचवायचा फॉर्म असतो तो भरायचा, आणि लिबीत एखादं नाव सापडलं पण लायब्ररीकडे नसेल तर त्याला "नोटिफाय मी" लावायचं, ती मागणी लायब्रेरियनला दिसते. एका भाषेची मागणी तीस-चाळीस कार्डांवरून आली तर त्यांना वरिष्ठांकडे बजेट मागायला आधार मिळतो, हे मला शाखेतल्या बाईंनीच सांगितलं. दोन, पुण्या-मुंबईतल्या प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना पत्र लिहायचं, त्यात इथे कोण पुरवठादार आहेत, अटी कशा निवडता येतात, फाइल कुठल्या प्रकारची लागते, हे मराठीत सोपं करून सांगायचं. पत्राचा मसुदा तयार आहे. ई-पब, म्हणजे ई-बुकची फाइल करून देऊ शकतील असे दोन सॉफ्टवेअरवाले स्वयंसेवकही मिळालेत.

तुमच्या ओळखीत कोणी प्रकाशक किंवा दिवाळी अंकाचे संपादक असतील तर मला कळवा, मसुदा पाठवते. आणि तुम्हाला तुमच्या लायब्ररीत कुठली मराठी पुस्तकं हवीत त्यांची नावं, प्रकाशक आणि जमल्यास आयएसबीएन नंबर असं लिहून पाठवा, मी यादीत घालते. नवीन पुस्तकं आणि लहान मुलांची पुस्तकं यादीत अजून फारच कमी आहेत, ती आधी पाठवा.